पाठ असलेले बारा शब्द

उमाशंकरच्या ऑनलाइन गटात हजारो सभासद होते. लातूरच्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बसून तो त्यांना रोज बजावीत असे : क्रिप्टोचे वॉलेट उघडणारे बारा शब्द कोणालाही सांगू नका, सरकारला नाही, बँकेला नाही, जन्मदात्या बापालाही नाही.

आज सकाळी तो आपल्या बायकोकडे तेच शब्द मागत होता.

“सांग म्हणलं ना!”

“नाही,” मंजुश्री म्हणाली.

ती घरबसल्या परदेशी ग्राहकांसाठी बोधचिन्हे काढी. मोबदला क्रिप्टोत येई. पहिले वॉलेट उमाशंकरनेच उघडून दिले होते; त्यातली कमाई तिने न सांगता स्वतःच्या नव्या वॉलेटमध्ये वळवली. तिथेच ती चुकली. क्रिप्टोच्या व्यवहारांच्या नोंदींत नाव नसते, पण त्या साऱ्या जगाला उघड्या असतात. जुन्या वॉलेटचा पत्ता ज्याला ठाऊक, त्याला नव्याचा सहज सापडतो. काल उमाशंकरने तो पत्ता तिच्या फोटोसह गटात टाकला होता : ‘घरातच चोर निघाला. माग काढा.’

नांदेडच्या एका सभासदाने फोटो ओळखला. ही बाई आमच्या गल्लीतल्या लेडीज हॉस्टेलात खोली बघून गेली, असे त्याने लिहिले. मग इतरांनाही चेव आला. ‘बायकोला कशाची प्रायव्हसी?’ ‘दोन ठेवून द्या, पटापट सांगंल.’ त्याखाली उमाशंकरने हसरा चेहरा टाकला होता.

“नांदेडात कोण हाय तुझं?”

“नोकरी आहे.”

“मग लपवलंस का?”

“बापालाही सांगू नका, असं तुम्हीच शिकवता की.”

“बघ अव्वा, कशी बोलायली!”

“तूच डोक्यावर बसवलीस,” त्याची आई जगदेवीबाई आतून कडाडल्या. “आता भोग.”

उमाशंकरने मंजुश्रीचा फोन हिसकावला. त्यात काही नव्हते. कपाट उपसले, साड्यांच्या घड्या मोडल्या, डाळीचे डबे पालथे केले.

“कागद कुठंय?”

“कागद नाहीच. पाठ आहेत.”

त्याचा हात वर गेला. जगदेवीबाई दारात आल्या.

“तिच्या पूजेची वेळ झाली. लिंग हातात असताना तिला बोट लावशील तर माझ्याशी गाठ हाय.”

मंजुश्री पाटावर बसली. लिंगायतांच्या रीतीने गळ्यातले इष्टलिंग काढून तिने डाव्या तळहातावर घेतले, भस्म लावले आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. उमाशंकर पाहतच राहिला. रोज ती जप संपल्यावरही बराच वेळ काही पुटपुटत बसे. ते बारा शब्दच असणार, हे त्याला आता उमगले. तो दबकत पुढे सरकला, आपल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्याने तो भस्माच्या डबीशेजारी ठेवला आणि तिच्या तोंडाजवळ कान नेला.

तिला त्याचा श्वास गालावर जाणवला. तिचे ओठ थांबले. उरलेले सारे तिने मनातल्या मनात म्हटले.

पूजा आटोपून तिने लिंग गळ्यात घातले आणि खोलीतली कपड्यांची पिशवी उचलली.

“माझा फोन राहू द्या तुमच्याकडंच.”

जगदेवीबाई तिला अडवायला हलल्या नाहीत. त्या डबीजवळच्या फोनकडे बघत होत्या.

“पूजेतबी चोरी करतूस व्हय रे?”

उमाशंकरने डबीशेजारचा फोन उचलला. फोन कानाला घट्ट लावून तो ऐकत होता. बाहेर फाटकाची कडी वाजली. रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या मिक्सरची घरघर होती आणि त्याचा स्वतःचाच श्वास.