जवळचा विमानतळ

तिने "पैसे भरा"वर बोट नेलं आणि अण्णा म्हणाले, "थांब जरा."

बोट तसंच अधांतरी राहिलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. साडेतीन मिनिटं उरली होती. चार तिकिटं, सरळ जाणारं विमान, मोठा विमानतळ. चौघांची नावं, जन्मतारखा, सगळं भरून झालं होतं.

"आता काय राहिलं, अण्णा?"

"तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणे."

"जागा आधी राखून ठेवता येते. मी ठेवलीय."

"आणि धुकं?"

"उन्हाळ्यात?"

तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि पुन्हा आत घातलं. तेरा वर्षांची चिऊ सोफ्यावर उलटी पडून पाय भिंतीला लावून होती. ती म्हणाली, "आजोबा, परवा तुम्ही म्हणाला होता तिथले जिने सरकते आहेत म्हणून नको."

"ते तर आहेच," अण्णा म्हणाले.

तिचे सासरे अण्णा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या बांधाबांधांवर साखळी टाकून मोजलेलं, त्यामुळे घरात कशाचंही अंतर विचारलं की ते आकड्यात सांगत. आताही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. जवळचा विमानतळ घरापासून अकरा किलोमीटर, पंचवीस मिनिटं. एकच इमारत. दारातून आत गेलं की समोर विमान. उलट तो मोठा, दोनशे दहा किलोमीटर, साडेतीन तास महामार्गावर, आणि आत गेल्यावर पुन्हा मैलभर चालायचं.

"पण जवळच्यावरून सरळ विमान नाही ना," तिने हजाराव्यांदा सांगितलं. "मध्ये उतरायचं, चार तास बसायचं, दुसरं विमान धरायचं. पोचेपर्यंत अंधार. सात दिवसांतला एक दिवस जाण्यात संपला आणि एक येण्यात. शिवाय तुमची मुलगी मोठ्या विमानतळाजवळ राहते. ती, जावई, सगळे तिथूनच येणार आहेत. आपण मात्र वेगळं जायचं?"

"बसू की चार तास. बसायला काय लागतं?"

पडद्यावर एक चौकट आली. मुदत संपल्याबद्दल दिलगिरी होती तीत. या आठवड्यातली ही तिसरी. तिने लॅपटॉप मिटला. जोरात नाही, पण चिऊने पाय भिंतीवरून खाली घेतले.

चार वर्षांत तिने सुट्टी घेतली नव्हती. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. समुद्रकाठचं घर तिने शोधलं होतं, पाच महिने आधी. खिडकीतून पाणी दिसतं असं लिहिलेलं, आणि अण्णांच्या गुडघ्यांसाठी खोली तळमजल्यावर. सगळं जुळवून आणलं होतं, आणि गाडं अडलं होतं ते निघायचं कुठून यावर.

दुसऱ्या दिवशी ती कामावर होती. समोर कुणा अनोळखी म्हातारीच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेण, आणि मेणात एकेक दात बसवायचा. हे काम तिला आवडायचं. दात किती वर, किती आत, ओठ मिटल्यावर कसं दिसेल, असा अंदाज बांधत ती तासन् तास बसू शकत असे. फोन वाजला तेव्हा पुढचे दोन दात लागायचे होते.

नवरा म्हणाला, "ऐक, चिडू नकोस."

"काय झालं?"

"अण्णा म्हणतायत, तुम्ही जाऊन या. मी घरी थांबतो."

तिने दिव्यावर धरलेली सुरी मेणाला टेकवली. सुरी जास्त तापली होती. मेण ढासळलं आणि आधी बसवलेले चार दात एकमेकांवर कलले.

"तू त्यांच्याशी बोल ना," ती म्हणाली.

"मी काय बोलू? त्यांचा स्वभाव तुला माहितीये."

"मला माहितीये. मलाच माहिती असतो सगळ्यांचा स्वभाव."

संध्याकाळी नणंदेचाही फोन आला. "वहिनी, तू त्यांचे फार लाड करतेस," ती म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या लेकाच्या लग्नाचं कार्यालय तुमच्यापासून दोनच तासांवर होतं, तर पाय दुखतात म्हणून आले नाहीत. मी एकुलती एक मुलगी त्यांची. या वेळी तू ठाम राहा. दादाला सांगून उपयोग नाही, तो चिकणमाती आहे नुसती."

तिने ठाम राहायचं ठरवलं. शनिवारी सकाळी गाडीची किल्ली घेऊन ती अण्णांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चला. आपण दोघं मोठा विमानतळ बघून येऊ. आत जाऊ, चालून बघू. तिथं चाकाची खुर्ची मिळते, बॅटरीची गाडी मिळते. बघितल्यावरही नको वाटलं तर पुढे मी एक शब्द बोलणार नाही."

अण्णा पलंगावर बसून मोजे घालत होते. एका मोज्याशीच ते बराच वेळ खेळत बसले.

"आजच?"

"आजच. माझी सुट्टी आहे."

"जाऊन येऊन सात तास होतात."

"होऊ देत."

ते उठले. त्यांच्यासाठी केलेला चहा टेबलावर तसाच राहिला. निघताना ते दोनदा चप्पल काढून आत गेले, आणि दोन्ही वेळा तिने घड्याळाकडे बघितलं.

महामार्गाला लागल्यावर तिला जरा बरं वाटलं. रस्ता मोकळा होता. ती बोलत राहिली. विमानात खिडकीजवळची जागा अण्णांना देऊ. चिऊला पोहायला शिकवायचं आहे. अण्णा हं हं करत होते. पाऊण तासाने ते म्हणाले, "तो पेट्रोल पंप आला. चाकात हवा भरून घे."

"कालच भरली."

"तरी एकदा बघितलेली बरी."

तिने गाडी पंपावर घेतली. हवा बरोबर होती. अण्णा पाय मोकळे करून येतो म्हणून पंपाच्या मागे गेले आणि पाच मिनिटांनी आले. पुढे अर्ध्या तासाने एक दुकान दिसलं तेव्हा त्यांना पाण्याची बाटली हवी होती.

"बाटली मागच्या सीटवर आहे, अण्णा."

"गार नाही ती."

"तुम्ही गार पाणी पीत नाही." तिचा आवाज चढला. "असं दर मैलाला थांबलो तर आपण पोचणार कधी? मुद्दाम करताय का तुम्ही? सांगा ना एकदा, काय अडचण आहे? नुसतं हे नको, ते नको. गाडी लावायला जागा नाही, धुकं आहे, जिने सरकतात. माझ्या डोक्याचा भुगा झालाय!"

दुकान मागे पडलं.

मग गाड्या थांबल्या. आधी हळू झाल्या आणि मग पार थांबल्या. पुढे कुठेतरी ट्रक उलटला होता म्हणे. तीन रांगा, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी फट, दोन्ही कडांना लोखंडी कठडे. कठड्यापलीकडे उघडंबोडकं शेत, आडोशाला एक झुडूप नाही. लोकांनी इंजिनं बंद केली. शेजारच्या गाडीत एक बाई मुलाला बिस्किटं भरवत होती. मागच्या गाडीतली दोघं बाहेर येऊन टपाला टेकून उभी होती.

वीस मिनिटं गेली. मग पस्तीस. ती फोनवर नकाशा बघत होती. लाल रेघ हलत नव्हती.

अण्णांनी दाराची मूठ धरली होती. बराच वेळ धरली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावर घाम होता.

"अण्णा? छातीत दुखतंय का?"

"दार उघड."

"काय होतंय?"

"कुलूप काढ आधी, पोरी!"

तिने बटण दाबलं. ते उतरले आणि गाड्यांच्या फटीतून कठड्याकडे जवळजवळ धावत गेले. कठड्याला हात लावून उभे राहिले. पलीकडे बघितलं, मागे वळून बघितलं. टपाला टेकलेली दोघं त्यांच्याकडेच बघत होती. बिस्किटं खाणाऱ्या मुलाने काचेला नाक लावलं होतं. अण्णांनी शर्टाची बटणं नीट केली, कॉलर नीट केली, कठड्याचा हात सोडला नाही. मग त्यांचे खांदे खाली आले.

ते परत यायला निघाले तेव्हा पावलं अगदी छोटी टाकत होते. फिकट पँटचा डावा पाय मांडीपासून खालपर्यंत गडद झाला होता.

ती झटकन मागे वळली. मागच्या सीटवर तिचा कामावरचा पांढरा कोट पडला होता, धुवायला आणलेला, बाहीला गुलाबी मेणाचे डाग. तिने तो ओढला, उतरून त्यांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. कोट गुडघ्यापर्यंत आला.

"वारा आहे बाहेर," ती म्हणाली.

वारा नव्हता. अण्णा आत बसले. त्यांनी कोटाच्या दोन्ही बाजू मांड्यांवर ओढून घेतल्या.

"पाणी सांडलं," ते म्हणाले.

"हो. त्या बाटलीचं झाकण सैलच आहे."

ती समोर बघत होती. बाटली मागच्या सीटवर, बूच घट्ट लावलेली, तशीच होती. तिला पंप आठवला, दुकान आठवलं. टेबलावरचा चहा आठवला. लेकीच्या घरचं लग्न आठवलं. सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा गट त्यांनी दीड वर्षापूर्वी सोडला होता, आणि घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की म्हाताऱ्याचं कुणाशी पटत नाही. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अंगठ्याने त्याची शिवण उगाच खरवडत राहिली.

तासाभराने रांग हलली. पहिला फाटा दिसताच तिने गाडी वळवली आणि उलट्या दिशेला घेतली. येताना ती तीनदा थांबली. एकदा तिला पाय मोकळे करायचे होते, एकदा काच पुसायची होती, एकदा कारण सांगायचं ती विसरली. गावात शिरता शिरता अण्णा बाहेर बघत म्हणाले, "दीड वर्ष झालं. आधी एवढं नव्हतं."

"हं."

"मुलांना कसं सांगायचं?"

तिने गाडी घराच्या गल्लीत वळवली.

संध्याकाळी नणंद फोनच्या पडद्यावर आली. नवऱ्याने फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. चिऊ खुर्चीच्या हातावर बसली होती. अण्णा आंघोळ करून, भांग पाडून, वर्तमानपत्र उघडून कोपऱ्यातल्या खुर्चीत होते.

"मग, पटलं का त्यांना?" नणंदेने विचारलं.

"आपण जवळच्या विमानतळावरून जाणार आहोत," ती म्हणाली.

"म्हणजे?" नवरा ताठ बसला. "तीन आठवडे तूच घर डोक्यावर घेतलंस. मोठा, मोठा, मोठा! आता अचानक काय?"

"वहिनी, अगं आम्ही आमची तिकिटं काढून बसलोय. तुझ्या शब्दावर काढली मी. हा काय पोरखेळ?"

"तुम्ही तुमच्या विमानाने या. आम्ही संध्याकाळी पोचू."

"पण का? काहीतरी कारण असेल ना! अण्णांनी गळ घातली असणार. अण्णा, तुम्ही ना..."

"अण्णांचा काही संबंध नाही." कान गरम झालेले जाणवले तरी तिने आवाज सरळ ठेवला. "मला सारखी लघवीला लागते. अर्ध्या-पाऊण तासाला. थांबवता येत नाही. आज रस्त्यात गाड्या अडकल्या होत्या, फार हाल झाले. साडेतीन तास महामार्गावर मला जमणार नाही. झालं समाधान? सगळ्यांसमोर बोलायला लावलंत."

नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यावरची नणंद खुर्चीत मागे सरकली.

"अगं, आधी नाही का सांगायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या शेजारणीलाही होतं. काहीतरी व्यायाम असतो त्याला, मी तुला पाठवते."

"पाठव."

चिऊला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला, पण आवाज निसटलाच.

"हसायला काय झालं त्यात?"

वर्तमानपत्र खाली आलं होतं. अण्णांचा तो जुना, बांधावर भांडणाऱ्यांना गप्प करणारा आवाज घरात कित्येक महिन्यांत ऐकू आला नव्हता.

"शरीर आहे. यंत्र नाही. तुझ्या आईने स्वतःहून सांगितलं, त्याला हिंमत लागते. माफी माग."

"सॉरी, आई," चिऊ पुटपुटली.

नवऱ्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. बराच वेळ तो टकटक करत होता. मधूनच बायकोकडे बघत होता, तिने दहा वर्षांत पाहिली नव्हती अशा नजरेने, आणि तिला त्याचा रागही येत होता. तो म्हणाला, "जागा निवडायच्या आहेत. तुला कडेची घेतो. उठायला सोपं."

"तिच्या शेजारची मला घे," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला खिडकी हवी असेल ना?"

"खिडकीतून ढगच दिसणार." अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "ती उठेल तेव्हा मीही उठत जाईन. सगळ्या विमानादेखत एकटीने सारखं उठायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं माणसाला."

नवऱ्याने मान डोलावली आणि तशा जागा निवडल्या.

ती उठून पाणी प्यायला आत गेली. भांडं भरलं आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मग दारात येऊन म्हणाली, "सोमवारी मी दवाखान्यात जाणार आहे. यासाठी वेगळे डॉक्टर असतात. कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेईन." ती कोणाकडेच बघत नव्हती. "एकटीने जायला नको वाटतंय."

"मी येऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"तू राहू दे. तुझं ऑफिस आहे."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.