सुईची रेघ

मी एक जुनं हाड आहे, मित्रांनो, घोडीच्या पुढच्या पायाचं. किती जुनं ते विचारू नका, मोजायचाही आता कंटाळा येतो.

एकेकाळी माझ्या जिवावर ती घोडी नदीकाठी उधळायची. एके दिवशी माणसांनी तिला घेरलं, भाल्यांनी मारलं आणि दगडी पात्यांनी सांध्यापाशी कापलं. माणसं खाऊनपिऊन गेल्यावर लांडगा आला. त्याचा दात नेमका त्या कापावरच घासला. मग माझ्यावर माती पडली आणि मला झोप लागली. काय सुखाची झोप होती ती!

कुदळीनं ती मोडली. मग मी एका खोलीत, कापसाच्या गादीवर, दिव्याखाली आलं.

हाडांवरच्या खुणा वाचणाऱ्या एक बाई तिथे काम करायच्या. माझ्यावर त्यांचा फार जीव! त्यांच्या सरांचं म्हणणं होतं, की त्या काळची माणसं शिकार करत नसत, लांडग्यांचं उष्टं खात. बाई म्हणायच्या, "नाही सर, आधी माणसंच आली." सगळं आयुष्य त्यांनी या एका वाक्यापायी घालवलं होतं. कापाची आणि दाताची खूण एकमेकींवरून गेली आहे, असं हाड साऱ्या ढिगात मी एकटंच. दाताची खूण वर असेल तर बाई खऱ्या, काप वर असेल तर सर. दुसऱ्या दिवशी सर स्वतः बघायला येणार होते.

नेमका त्या जागेवर मातीचा एक कण बसला होता. हाडाला मऊ कुंचला आणि पाणी, लोखंड कधीच नाही, हा बाईंचाच नियम. त्यावरून त्यांनी कितीजणांना फैलावर घेतलं असेल! पण त्या दिवशी त्यांनाच दम निघेना. "एवढासा तर कण आहे," असं पुटपुटत त्यांनी पोलादी सुई उचलली. कण निघाला आणि सुई घसरली. दोन्ही खुणांवरून पांढरी रेघ उमटली. वरची कुठली, खालची कुठली, काही कळेना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाईंनी बोटावर ओली माती घेतली. ती रेघेत भरली असती, तर रेघ जुनी दिसली असती. बोट माझ्यापर्यंत आलं, थांबलं. मग त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"ही रेघ माझी आहे, सर," दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "काल सुई लागली. हे हाड आता पुराव्याला चालणार नाही."

"अगं, मला हल्ली भिंगातूनही धड दिसत नाही. तू सांगितलं नसतंस, तर मी तुझं मान्य केलं असतं."

"म्हणूनच सांगितलं, सर."

सरांचं म्हणणं कायम राहिलं. पण त्या दिवशी ते जिंकल्यासारखे काही दिसले नाहीत.

आता मी खणाच्या तळाशी असतं. बाई कधीतरी खण उघडतात, माझ्यावरून हात फिरवतात. भिंग मात्र लावत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावताना घाई करू नका. तिची माती तिच्या अंगावर राहू द्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. हाडाला जीभ नसते, हे माझं दुखणं. असती तर एवढंच बोलून मी पुन्हा झोपी गेलं असतं: बाई, तुमचंच खरं होतं. आधी माणसंच आली होती.