अडीच मिनिटांचं मरण

आमच्या ह्यांनी सिनेमात काम केलं. मेलेल्या माणसाचं, अडीच मिनिटं. त्या अडीच मिनिटांची पुढे जी माती झाली ती मी केली, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी मला साळसूद म्हणायला नको.

हे एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते, तळघरात, फायलींच्या रॅकमागे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं ते सगळं हिशेबनीसांच्या कौतुकाचं, कारण तेही त्याच दिवशी निवृत्त होत होते. ह्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. असा माणूस. तर हे एकदा रक्ताचा रिपोर्ट आणायला इस्पितळात गेले, तिथे वरच्या मजल्यावर शूटिंग चाललं होतं. मयताचं काम करणाऱ्या नटाला नेमका खोकला झाला होता. कागद हातात घेऊन धावपळ करणाऱ्या एका मुलीला बाकावर निमूट बसलेले हे दिसले.

"काका, उद्या दोन तास अजिबात न हलता पडून राहाल?"

"एकतीस वर्षं नोकरी केलीय," हे म्हणाले. विनोद म्हणून नव्हे. ह्यांना विनोद येत नाहीत. ते अनुभव सांगत होते.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी घरी आले तर हे सोफ्यावर आडवे. "चहा ठेवू का?" विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. पायातल्या चपलांसकट मी धावले आणि ह्यांचे खांदे धरून गदागदा हलवलं. ह्यांनी एक डोळा उघडला.

"जमलं का?" म्हणाले.

मी आधी रडले, मग वाट्टेल ते बोलले, मग चहा ठेवला. त्यात साखर दोनदा पडली. हे तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि मधूनमधून माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले, म्हणजे माझ्या रडण्याकडे.

दुसऱ्या दिवशी शूटिंग झालं. दिग्दर्शक ह्यांना "काका, अप्रतिम" म्हणाला. हा शब्द ह्यांनी घरी आणला आणि काय करावं ते न सुचून टीव्हीच्या बाजूला उभे राहून मला दोनदा सांगितला. एकतीस वर्षांत कुणी 'ठीक' म्हटलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी त्यांच्या ओल्या टॉवेलबद्दलही काही बोलले नाही.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी आम्ही घरचे अकराजण गेलो. थिएटरबाहेर आल्याबरोबर सगळ्यांनी मलाच घेरलं. थोरल्या वन्संनी विचारलं, "काय गं, कसं वाटलं?"

आता बघा. नुसतं 'छान' म्हणावं, तर बायकोच ती, छानच म्हणणार. सिनेमाबद्दल मत द्यायचं तर त्यात एखादी खोड काढावीच लागते, नाहीतर लोक त्याला मत समजत नाहीत, शिष्टाचार समजतात. म्हणून मी घसा साफ केला आणि जाणकार चेहरा करून म्हणाले, "छान झालंय. फक्त पापणी जराशी हलली, असं वाटलं."

हललेली मी बघितली होती का? काहीतरी हललं होतं एवढं खरं. पण त्या अडीच मिनिटांत माझं अर्धं लक्ष आपली माणसं बघताहेत की नाही याकडेच होतं.

"मला दिसलंच होतं," वन्सं लगेच म्हणाल्या. "पण म्हटलं, घरच्या घरी कशाला बोला." त्या प्रसंगात वन्सं खुर्चीखाली वाकून चष्म्याचं घर शोधत होत्या. त्यांना मोबाईलचा उजेड मीच धरला होता.

"एडिटिंगला काढायला हवं होतं," जावई म्हणाले. आमचे जावई फरशीच्या कंपनीत आहेत आणि प्रत्येक सिनेमाचा सेकंड हाफ त्यांना ढिला वाटतो. मागे एका सिनेमातून ते इंटरव्हललाच उठून आले होते, तरी त्याचाही सेकंड हाफ ढिलाच निघाला.

हे मागे उभे होते. हळूच म्हणाले, "नाही हलली."

"बाबा, तुमचे डोळे मिटलेले होते," जावई म्हणाले. "तुम्हाला कसं कळणार?"

सगळे खो खो हसले. मीही हसले.

मग काय! घरच्या ग्रुपवरून ती पापणी इमारतीच्या ग्रुपवर गेली, तिथून बाजारभर. लोक तिकीट काढून पापणी बघायला जाऊ लागले, आणि जो तो बघूनच आला. कुणाला एकदा हललेली दिसली, कुणाला तीनदा. सिनेमा कशाबद्दल आहे हे मला एकानंही सांगितलं नाही. एक मुलगी नऊ वर्षं बापाशी बोललेली नसते आणि मग तो गेल्यावर इस्पितळात येते, एवढी साधी गोष्ट. पण तिचं दुःख बघायला वेळ कुणाला होता?

दुकानात तर माझी सोय नव्हती. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गॉज न्यायला आले, ते काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "पापणीचं सोडा हो. जबडा चुकलाय. मेल्यावर जबडा सैल पडतो. ह्यांनी घट्ट आवळलाय. अशा जबड्यानं माणूस रात्री दात खात असणार." खातात. पण ते दिग्दर्शकाला कसं कळावं?

आमच्या दुकानाचे मालक सिनेमा बघतच नाहीत. तरी ते पलीकडून बोलले, "मी काही बघितला नाही, पण त्या पापणीमुळे अख्खा सिनेमा कोसळतो म्हणे." असं म्हणून त्यांनी खोकल्याच्या बाटल्या मोजायला घेतल्या. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं मान डोलावली. संध्याकाळी तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगत होतं की सिनेमा कोसळतो.

ह्यांनी आधी बाग सोडली. तिथल्या कट्ट्यावरचे मित्र ह्यांना बघून पापण्या फडफडवायचे. मग दूध आणायला जाताना टोपी घालायला लागले. मग दूध मीच आणायला लागले. 'अप्रतिम' हा शब्द घरातून गेला तो गेलाच. एकदा मी भांडी घासत असताना हे मागे येऊन उभे राहिले.

"खरंच हलली का गं?"

तोंडाशी आलं होतं की मला ठाऊक नाही हो, मी आपलं काहीतरी बोलून गेले. पण तीन आठवडे सगळ्या गावानं माझी री ओढल्यावर आता माघार कशी घेणार? "थोडीशी," मी म्हणाले. हे "बरं" म्हणाले आणि घासलेली भांडी पुसायला लागले. मला वाटलं, ह्यांनी एक ताट आपटावं तरी. आपटलं नाही.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सिनेमा गुरुवारी उतरणार होता. मालकांकडून अर्धी रजा घेतली आणि दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली.

"कशाला?" हे म्हणाले. "पापणी बघायला?"

"हो," मी म्हणाले. "ह्या वेळी नीट बघायला."

थिएटरमध्ये जेमतेम पंधरा माणसं. ह्यांनी टोपी कपाळापर्यंत ओढली. ह्यांच्या पलीकडच्या खुर्चीत माझ्याच वयाची एक बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन एकटीच बसली होती. पिशवी खाली ठेवली तरी चाललं असतं, पण ती ठेवत नव्हती.

तो प्रसंग आला. पांढरी खोली, पलंग, पलंगावर हे. मी पुढे सरकून बसले आणि स्वतःची पापणीसुद्धा लवू दिली नाही. मुलगी दारात येते. थांबते. जवळ येते. चादरीची सुरकुती नीट करते, मग दुसरी करते, कारण तिला दुसरं काय करावं ते कळत नाही. मग बापाच्या कपाळावरचे केस बाजूला करायला हात पुढे नेते, आणि त्या हाताची सावली ह्यांच्या डोळ्यांवरून जाते.

सावली! पापणी नव्हेच. पापणी जागची हलली नव्हती. माझा माणूस दगडासारखा पडून होता, आणि मी त्याला तीन आठवडे घरात तोंड लपवून बसवलं होतं.

आणि मग मी सिनेमा बघितला. पहिल्यांदाच. ती मुलगी काही बोलत नाही, नुसती "बाबा" म्हणते, मग थांबून पुन्हा म्हणते, उत्तर यायची वाट बघत असल्यासारखी. तिसऱ्यांदा म्हणते तेव्हा तिचा आवाज बदललेला असतो. मला तो आवाज ओळखू आला. आमच्या घरात, सोफ्यापाशी, मी "चहा ठेवू का" म्हणाले होते, तोच. जगातल्या सगळ्या लोकांत, हे गेले असं सगळ्यांत आधी मलाच वाटलं होतं, आणि खोड काढायची वेळ आली तेव्हा नेमकं तेवढंच मी विसरले.

पलीकडची बाई हुंदके देत होती. भाजीची पिशवी छातीशी धरून, लहान मुलासारखी, मोठ्यानं. हे ताठ बसले होते. श्वास घेत होते की नाही कोण जाणे.

इंटरव्हलचे दिवे लागले. बाईनं डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं, आणि तिची नजर ह्यांच्यावर पडली. टोपी मघाशीच मांडीवर आली होती. बाईचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतला एक टोमॅटो निसटून खाली घरंगळला, तो उचलायचं तिला भान राहिलं नाही.

"ते..." तिनं पडद्याकडे बोट केलं. मग फार हळू, फार अदबीनं विचारलं, "ते तुमचे कोण?"

मी तोंड उघडत होते. सांगणार होते, हेच ते, हेच! पण ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थोरले बंधू," हे म्हणाले.

"वाटलंच," बाई म्हणाली. "चेहऱ्यावरूनच कळतं. फार शांत असतील."

"फार," हे म्हणाले. "कुणाला कधी त्रास नाही त्यांचा."

"स्वतःला जपा," बाई म्हणाली. तिनं ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि नाक ओढत पाणी प्यायला बाहेर गेली. हे वाकले, खुर्चीखालचा टोमॅटो उचलला, रुमालानं पुसला आणि तिच्या खुर्चीवर ठेवला.

"खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तिचं रडणं वाया गेलं असतं."

मग मात्र मला राहवलं नाही. म्हणाले, "अहो, हललीच नव्हती. सावली होती. मी उगाच बोलले, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. चुकले मी." आणि तिथल्या तिथे मोबाईल काढून घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'पुन्हा नीट पाहिलं. पापणी हललेली नाही. माझीच चूक होती. काम अप्रतिम आहे.'

वन्संचं उत्तर आलं, 'मला तर तेव्हाच दिसलं होतं, सावली आहे ते.' पाठोपाठ जावयांचं आलं, 'आई, तुम्ही असंच म्हणणार. बायकोचं मत धरायचं नसतं.' खाली सहाजणांनी अंगठे दाखवले होते.

मी संतापून पुढचं टाईप करायला लागले. हे माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"खोडून टाक," हे म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या बाजूनं भांडायचं नसतं. ठेव तो फोन, दिवे जाताहेत. मी गेल्यावर पुढे काय होतं ते आपण कुणीच बघितलेलं नाही."