हाक पोचेल अशी जमीन

“ताई, हिला जरा उठायला सांगा ना. मघापासून तीन हाका मारल्या, पोरगी ढिम्म हलत नाही,” पाणसळकाका म्हणाले.

रिकाम्या हॉलमध्ये लॅमिनेटच्या खोक्यांचे दोन ढीग होते. पट्ट्या कापायला सोयीचं म्हणून काकांनी त्यांच्यावर एक लांब फळी आडवी टाकली होती. तिच्या टोकावर सहा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे पाठ करून पाय हलवत बसली होती.

मुलीची आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. “सांगायचं राहूनच गेलं काका. तिला ऐकू येत नाही. जन्मापासूनच.”

काका ओशाळले. “माफ करा हं. मी आपला उगाच पोरीवर करवादलो.”

“तिला कुठे ऐकू आलंय?” आई हसून म्हणाली, आणि काकांनाही हसू आलं.

हातातली करवत त्यांनी फळीच्या दुसऱ्या टोकावर टेकवली. त्याच क्षणी मुलीने मागे वळून पाहिलं. काकांकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, आणि टुणकन उडी मारून ती खाली उतरली.

आई तोवर आत गेली होती. काका मात्र फळीकडे बघत राहिले.

चौतीस वर्षं ते लोकांच्या घरांत लाकडी जमिनी बसवत होते. खिशात कायम एक वीतभर पाणसळ असायची. ती टेकवून, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आल्याखेरीज ते पुढची फळी ठोकत नसत, म्हणून दुकानातल्या पोरांनी त्यांचं नावच पाणसळकाका पाडलं होतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, आता पुरे. हे शेवटचं काम त्यांनी घेतलं ते लॅमिनेट होतं म्हणून. खाली फोम अंथरायचा, पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या, दोन दिवसांत मोकळं व्हायचं.

मुलगी आता कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून चित्र काढत होती. दर थोड्या वेळाने मान वर करून ती दाराकडे बघे, मग पुन्हा खडू चालू.

“अशीच बसते का ही?” काकांनी चहा घेताना विचारलं.

“या घरात आल्यापासून,” आई म्हणाली. “आधी नव्हती हो अशी. आता मागून गेलं की दचकते, रडते. मला तर स्वयंपाक करताना दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन तिला तोंड दाखवावं लागतं. शाळेतल्या बाई म्हणतात, नवीन घर आहे, रुळेल. हिचे बाबा ट्रकवर असतात, आठवड्यातून दोन दिवस घरी. त्यांनाही तेच वाटतं.”

“आधीच्या घरात खाली काय होतं?”

“खाली म्हणजे? जमीन?” तिला प्रश्नाचं नवल वाटलं. “लाकूड. वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. इतकी कुरकुरायची ती जमीन, की मी ठरवलंच होतं, आपल्या घरात ही कटकट नको. लॅमिनेट कसं, पुसलं की झालं.”

काकांनी कप खाली ठेवला. मुलगी मान खाली घालून रंगवत असताना, तिला दिसणार नाही असं बाजूने कोपऱ्यात जाऊन, हातभर अंतरावर त्यांनी सिमेंटवर जोरात पाय आपटला. मुलीचा खडू थांबला नाही. मग त्यांनी हाताने खुणावून तिला फळीवर आणून बसवलं, दाराकडे पाठ करून, आणि आईला दुसऱ्या टोकाशी बोलावलं.

“मारा टिचकी.”

आईने फळीवर टिचकी मारली. मुलगी वळली, आणि ‘काय?’ अशी हाताची खूण केली.

आईने मुलीकडे पाहिलं, मग फळीकडे. “म्हणजे तिकडे मी चालले की तिला...”

“पायांतून कळत असणार. तुम्ही कुठे आहात, येताय की जाताय, सगळं. आणि इथे तळमजल्याचं सिमेंट. त्यावर मी फोम अंथरला, तर उरलंसुरलंही गेलं.”

“मग काय करायचं हो?”

“सिमेंटवर लाकडाच्या रिपा ठोकून वर फळ्या बसवायच्या. खाली पोकळी ठेवून. खोकी फोडलेली नाहीत, दुकानदार परत घेईल. पण आधीच सांगतो ताई, लाकडाचे लाड असतात. पाणी सांडलं की लगेच टिपायचं. खुर्च्या ओढायच्या नाहीत, पायांना बनातीचे तुकडे चिकटवायचे. ओरखडे पडणारच. वर्षाकाठी तेल द्यायचं. आणि ओल्याचिंब फडक्याने कधीच पुसायचं नाही, फडकं पिळून पिळून नुसतं दमट. लॅमिनेटला यातलं निम्मंही लागत नाही.”

“मला नोकरी आहे, काका.”

“म्हणूनच सांगतोय. विचार करून सांगा.”

तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी फळीवरून उतरून पुन्हा भिंतीला पाठ लावून बसली होती.

“काय विचार करायचाय त्यात?” ती म्हणाली.

घरी बायकोला हे सांगताना काकांनी दहा दिवसांचं काम पाच दिवसांचं करून सांगितलं. बायको ऐकून घेत होती.

“रिपांचं काम पाच दिवसांत होतं होय? मी काय तुम्हाला आजच ओळखते? गुडघे काय भाड्याने आणलेत, परत करायला?”

“दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं. पण तो आवाज कमी करायला बघेल. सगळे तेच बघतात.”

ते खरं होतं. पायाखाली ढबढब वाजणारी जमीन म्हणजे कारागिराचं नाक कापलं जाणं. काकांच्या जमिनी कधी वाजल्या नव्हत्या. तेच त्यांच्या नावलौकिकाचं कारण होतं.

बायकोने जुन्या गोधडीच्या दोन जाड घड्या शिवल्या आणि त्यांच्या पिशवीत टाकल्या. “दर अर्ध्या तासाने उठून उभं राहायचं. मी बघायला येणार नाहीये, म्हणून सांगतेय.”

लाकूड आलं. काकांनी ते चार दिवस हॉलमध्येच पसरून ठेवलं, खोलीची हवा लागू दिली. ओल वर येऊ नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरलं, रिपा ठोकल्या, जमीन दोन इंच वर येणार म्हणून दारं काढून खालून रंधली. आठव्या दिवशी अर्ध्या खोलीत फळ्या बसल्या. आईने मुलीला खिडकीखाली पाठमोरं बसवून चित्र काढायला दिलं होतं. आईने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टाच आपटली.

मुलगी वळली नाही.

आईने पुन्हा आपटली, जोरात. काहीच नाही. ती काकांकडे न बघता म्हणाली, “असू दे काका. छान दिसतेय जमीन.”

काकांनी चार फळ्या उचकटल्या आणि खाली डोकावले. हातांनी सवयीने आपलं काम केलं होतं. प्रत्येक रिपेखाली आवाज गिळणारे रबराचे तुकडे सरकवलेले होते, आणि फळ्या नेहमीसारख्या तुकड्यातुकड्यांनी, सांधे चुकवत जोडलेल्या होत्या. प्रत्येक सांध्यावर हादरा मरत होता.

“गाढव आहे मी,” ते म्हणाले, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले.

रबर निघालं. फळ्यांची दिशा बदलली. दुकानात होत्या त्यांतल्या सर्वांत लांब फळ्या मागवून काकांनी त्या उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत सलग टाकल्या. दहाचे चौदा दिवस झाले. शेवटी शेवटी काका उठताना भिंत धरत, आणि आई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघे.

चौदाव्या दिवशी तिने उंबऱ्याशी टाच टेकवली. आपटलीसुद्धा नाही, नुसती टेकवली.

खिडकीखाली खडू थांबला. मुलीने तळवा जमिनीवर ठेवला, मग मागे वळून पाहिलं. ‘काय?’

आईकडे सांगायला काहीच नव्हतं. ‘काही नाही,’ तिने हाताने सांगितलं. मुलगी चित्राकडे वळली. आईने पुन्हा टाच टेकवली. ‘काय?’ ‘काही नाही.’ पाचव्या वेळी मुलगी वैतागली, खडू टाकून तरातरा आईकडे आली आणि तिचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

काका हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी भरलेली हत्यारं काढून पुन्हा भरली.

त्यानंतर काकांनी काम सोडलं. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची व्हायची होती. वर्ष झालं तेव्हा ते तेलाचा डबा आणि एक बुटकं स्टूल घेऊन, कोणी न बोलावता, त्या घरी गेले.

त्यांनी आयुष्यभर घरं रिकामीच पाहिली होती. जमीन झाली की त्यांचं काम संपे, मग सामान येई, माणसं येत. इथे आता खुर्च्या होत्या, खुर्च्यांच्या पायांना बनात होती, हॉलच्या मधोमध एक चप्पल उलटी पडली होती. मुलगी शाळेत गेली होती.

“तुम्ही सांगितलं तसंच सगळं करते हो,” आई अवघडून म्हणाली. “पण एके ठिकाणी खराब झालीय. मीच केलीय.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी टाचेएवढा गोल भाग फिकट पडला होता. तिथलं तेल पार उडालं होतं.

“होतं असं,” काका म्हणाले. “वापरायच्या वस्तूचं होतंच.”

ती चहा ठेवायला गेली. काकांनी स्टूल सरकवत सरकवत फळ्या तपासल्या, उंबऱ्यापासून खिडकीकडे. खिडकीखाली खडूंचा डबा होता. तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. त्याच्या शेजारी तसाच टाचेचा एक फिकट डाग होता, उंबऱ्याजवळच्या डागाच्या निम्म्याने लहान.

आत आईची पावलं वाजत होती. काकांनी फडक्यावर तेल घेतलं आणि लहान डागापासून सुरुवात केली.