एका पायावरचे सारस

मार्लिस क्विग्लीला खोटं बोलता येत नसे असं नाही, पण खोटं बोलताना तिचे कान लाल होत. म्हणून त्या शनिवारी तिने कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढून घेतली होती. नोव्हेंबरची थंडी अशी कडाक्याची, की कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

एल्क बेंड कॉलेजच्या स्टेडियमबाहेरच्या मैदानात सकाळी सातपासून गाड्या लागल्या होत्या. मागचे फळके खाली पाडलेले, शेगड्या पेटलेल्या, सॉसेजचा धूर, आणि जिकडे पाहावं तिकडे जांभळं. टोप्या जांभळ्या, मफलर जांभळे, एका म्हाताऱ्या कुत्र्याचं स्वेटरसुद्धा जांभळं. कॉलेजचा संघ म्हणजे ‘सारस’, आणि फुटबॉलच्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस सारस. चौदा नंबरच्या जागेवर मार्लिसचं पातेलं गेली बावीस वर्षं रटरटत होतं. राजमा-खिम्याची चिली आणि सोबत दालचिनीचे रोल. आठवडाभर ती शाळेची बस चालवी, पण गावाने तिला ओळखायचं ते या पातेल्यावरून.

“आई, तू तिखट दुसऱ्यांदा घालते आहेस,” तिची मुलगी टेसा म्हणाली. टेसाच्या छातीशी झोळीत सात महिन्यांची हॅटी होती. तिच्या कानांवर आवाज अडवणारे जांभळे गोळे, आणि चेहरा असा गंभीर, की सगळा निकाल तीच देणार होती.

“घालू दे. आज लोकांना घाम फुटायलाच हवा.”

कारण आज खेळापेक्षा मोठी गोष्ट होती. आज मत घ्यायचं होतं.

एल्क बेंड ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या गटात होतं, तीत आठ कॉलेजं. सगळी मका आणि सोयाबीनच्या मधोमध, जेवून निघालं तर संध्याकाळी घरी परत. आता पश्चिमेकडच्या एका बड्या कॉन्फरन्सने बोलावणं धाडलं होतं. टीव्हीवर सामने, मोठाली स्टेडियमं, मोठी नावं. कॉलेजने अजून हो म्हटलं नव्हतं. चाहत्यांच्या क्लबचा अध्यक्ष लाइल हॅन्सन मात्र कधीचा सामान बांधून बसला होता.

“किती वर्षं आपण गल्लीतल्या गल्लीत खेळणार?” लाइलने भोंगा तोंडाला लावला होता. खरं तर तो मार्लिसपासून दोन हातांवर उभा होता. “मागच्या महिन्यात समोरच्या संघाची बस बिघडली, तेव्हा त्यांना आपणच जाऊन घेऊन आलो! हे काय फुटबॉल आहे?”

“मी चालवली होती ती बस,” मार्लिस म्हणाली. “आणि रस्ताभर त्यांना आपलं गाणं ऐकवलं. निम्मा सामना तिथेच जिंकला.”

लोक हसले. लाइल हसला नाही.

“आणि आपल्या व्हॉलीबॉलच्या पोरी?” मार्लिसने पळी उगारली. “मंगळवारी हजार मैल जायचं, बुधवारी हजार मैल यायचं, आणि गुरुवारी रसायनशास्त्राची परीक्षा. पेपर काय विमानातल्या ट्रेवर लिहायचा?”

“मार्लिस, मी तुला चाळीस वर्षं ओळखतो. रसायनशास्त्राची तुला कधीपासून काळजी? खरं कारण बोल ना.”

मार्लिसने कानटोपी आणखी खाली ओढली.

खरं कारण नदीपलीकडे एकोणीस मैलांवर राहत होतं. त्याचं नाव डेल्मर कुबिक.

नदीपलीकडे विल्टन फोर्क. तिथल्या कॉलेजचा रंग नारिंगी, आणि संघ म्हणजे ‘कोल्हे’. सारस आणि कोल्हे यांचं वैर एकशे चार वर्षांचं. रीत अशी, की जे गाव हरेल त्याच्या चिलीवाल्याने पुढच्या रविवारी जिंकलेल्या गावात जायचं, शत्रूच्या रंगाचा एप्रन बांधायचा, आणि चर्चच्या तळघरात सगळ्या गावाला वाढायचं. जिंकलेल्या गावाचा चिलीवाला शेजारी उभा राहून नावं ठेवणार. कोल्ह्यांचा चिलीवाला डेल्मर. धान्याच्या कणग्या दुरुस्त करणारा, उंच, वाळकुडा, आणि नाकाखाली अशी मिशी, की एखाद्या खारीने तिथे घर केलं असावं. सोळा वर्षं दोघं एकमेकांच्या चिलीला नावं ठेवत आले होते. त्यातल्या पहिल्या वर्षांत त्याची बायको होती, तिचा नवरा वॉर्ड होता. मग ती गेली, मग वॉर्ड गेला. नावं ठेवणं चालू राहिलं. वॉर्ड गेला त्या वर्षी डेल्मर एक घास खाऊन नुसतं म्हणाला होता, “मीठ कमी आहे,” आणि सगळी भांडी एकट्याने घासली होती.

वर्षातून एक रविवार. कॉन्फरन्स बदलली की तो सामना संपला. सामना संपला की तो रविवारही गेला. बासष्टाव्या वर्षी बाईने भोंग्यातून हे सांगायचं तरी कसं?

दोन आठवड्यांपूर्वी सारस हरले होते. मार्लिस नारिंगी एप्रन बांधून विल्टन फोर्कला वाढत असताना तिने मताची गोष्ट काढली. लाइलचा नियम सोपा होता. अंगावर जांभळं असेल त्या प्रत्येकाला मक्याचा एक दाणा. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या, एकीवर ‘जायचं’, दुसरीवर ‘राहायचं’. ज्याला जे वाटेल तिथे त्याने दाणा टाकायचा.

“अंगावर जांभळं असलं की झालं?” डेल्मरने विचारलं होतं.

“झालं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं. निघताना मार्लिसने बसच्या सीटखालून एक पिशवी काढून त्याच्या हातात दिली. आत वॉर्डचा जुना जांभळा कोट होता.

आता मतांची रांग लागली होती. लाइल स्वतः प्रत्येकाच्या तळहातावर दाणा ठेवत होता आणि प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारत होता. मार्लिस रांगेवर नजर ठेवून होती. डेल्मर कुठेच दिसेना. आलाच नाही की काय? शेवटी नारिंगी रक्त, ऐन वेळी कच खाल्ली असणार.

मग रांगेतल्या एका उंच माणसाने हळूच मान वळवून तिला डोळा मारला, आणि तिच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मिशी नव्हती. एकेचाळीस वर्षांची मिशी सफाचट. तिच्या जागी वरचा ओठ कोवळा, पांढरा, थंडीत बिचारा कुडकुडत होता.

“अरे देवा,” मार्लिस पुटपुटली.

“कोण गं तो?” टेसाने विचारलं.

“कोण जाणे.” टोपीच्या आत कान पेटले होते.

“नवीन दिसतोस?” लाइल डेल्मरला विचारत होता.

“डाकोटाहून आलोय. भाचीकडे.”

“शाब्बास! बाहेरगावाहून आलेला सारस! टाक बाबा, विचार करून टाक.” लाइलने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की डेल्मर दोन पावलं पुढे जाऊन नेमका ‘राहायचं’च्या बरणीशीच थांबला.

सगळं पार पडलं होतं. दहा मिनिटांत तो गाडीत बसून नदीपार गेला असता. पण मोजणीआधी लाइलला गाणं हवं होतं.

सारसांचं गाणं ज्याने ऐकलं नाही त्यानेही त्याचा शेवट पाहिलेला असतो. शेवटच्या ओळीनंतर सगळे जण डावा पाय उचलतात आणि पाच आकडे होईपर्यंत, तोंडातून चकार शब्द न काढता, एका पायावर उभे राहतात. सारा गाव. आजोबा, नर्सा, पाद्री, पोलीस. डेल्मरने गाणं पाठ केलेलं होतं. पाय वेळेवर उचलला. मैदानात चिडीचूप. एक. दोन. आणि त्या शांततेत डेल्मरची हनुवटी आपोआप वर गेली.

“ऊऽऽऽऽऽऽ!”

त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. सारस एका पायावर उभे राहिले की त्यांचा तोल जावा म्हणून कोल्ह्यांनी कोल्हेकुई करायची, हे विल्टन फोर्कच्या पोराला चालण्याआधी शिकवतात. साठ वर्षांची सवय. मिशी काढता येते, ही कशी काढणार?

पण खरी गंमत पुढेच होती. कुई एकट्याची नव्हतीच. सॉसेजच्या शेगडीपाशी एक, निळ्या ट्रकमागे दोन, शौचालयाच्या रांगेत एक, अशा मैदानभर कुया उठल्या होत्या. एकूण सात. सातही जण तोंडावर हात ठेवून एकमेकांकडे डोळे फाडून पाहत होते. कुणालाच दुसऱ्याची खबर नव्हती.

“व्हर्ना?” डेल्मर म्हणाला.

“तू मिशी काढलीस?” जांभळ्या शालीतली ऐंशीची म्हातारी किंचाळली.

लाइलचा पाय अजून हवेतच होता. तो खाली आला तेव्हा लाइल संघाच्या रंगापेक्षा जांभळा झाला होता. “हेर! आमच्या रंगात! काढ, आधी तो कोट काढ!”

डेल्मरने निमूट कोट काढून दिला. लाइलने तो झटकला, आणि कॉलरच्या आतली पट्टी पाहून थांबला. पट्टीवर मार्लिसच्या अक्षरात ‘वॉर्ड क्विग्ली’ असं लिहिलेलं होतं. वॉर्ड आणि लाइल एकाच वर्गातले.



“हा कोट याच्याकडे कसा आला, मार्लिस?”

तिने कानटोपी काढली. लपवायचं काही उरलं नव्हतं. लालबुंद कान सगळ्या गावाला दाखवत ती म्हणाली, “मी दिला. त्यालाही मीच बोलावलं. बाकीच्या सहांचं मला ठाऊक नाही, शपथेवर.”

“माझी मीच आले,” व्हर्ना म्हणाली. तिच्या शालीचा रंग ओठांना लागला होता. शाल घरीच, बहुधा बीटात, रंगवलेली असावी. “तुम्ही निघालात पश्चिमेला. आम्ही शिव्या कुणाला द्यायच्या? सांग ना! त्या डोंगराळ कॉलेजातल्या लोकांना? ते मला ओळखतात तरी का? तुझ्या आईलासुद्धा मी शिव्या दिल्यात, लाइल, आणि तिने मला. फार चांगली बाई होती.”

लाइलने भोंगा तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला.

मोजणी झाली. ‘जायचं’ एकशे एकतीस, ‘राहायचं’ एकशे चौतीस. सात वगळले की एकशे सत्तावीस. म्हणजे लाइल चार दाण्यांनी जिंकत होता. त्याने सात दाणे तळहातावर घेतले आणि एकेक करून पुन्हा मोजले. शेवटी म्हणाला, “एकाही सारसाने कधी नारिंगी घातलं नसतं. मेलो असतो तरी नाही.” मग आणखी हळू, “एप्रन सोडून.” आणि दाणे परत बरणीत टाकले. “मैदानात जांभळं घालून आला त्याला दाणा. नियम माझाच आहे. आणि डेल्मर, तो कोट घाल. वरचा ओठ गोठेल तुझा.”

“कोटाने ओठ कसा झाकणार?”

“मला शिकवू नकोस.”

इथेच गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कॉलेजं बरण्यांतल्या दाण्यांवर चालत नाहीत. जानेवारीत पत्र आलं. चाहत्यांच्या उत्साहाबद्दल आभार होते, आणि कॉलेज नव्या कॉन्फरन्समध्ये जात होतं. लाइलनेच ते मार्लिसला वाचून दाखवलं. ज्या गोष्टीसाठी तो वर्षभर ओरडला होता ती मिळाली होती, आणि त्याचा चेहरा बस चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

पुढल्या ऑक्टोबरात सारस पहिल्यांदा टीव्हीवर दिसले आणि बावन्न गुणांनी हरले. ज्या शनिवारी कोल्ह्यांशी सामना असायचा तो कोरडाच गेला. आणि त्यानंतर रविवार उजाडला.

मार्लिस स्वयंपाकघरात उभी होती. टेसा कामावर गेलेली, हॅटी कडेवर. पातेलं शेगडीवर होतं, कारण हाताला दुसरं काही सुचलं नव्हतं. कुणासाठी एवढी चिली? सोळा वर्षं तिला काही ठरवावं लागलं नव्हतं. कुणी जिंकायचं, कुणी हरायचं, आणि मग जावंच लागायचं. जावं लागणं किती सोपं होतं. आता कुणी पाठवणार नव्हतं. जायचं तर आपल्या पायांनी.

तिने फोन लावला.

“बोला,” पलीकडून डेल्मर.

“मी बोलतेय.”

“ते कळलं. श्वासाला जिऱ्याचा वास येतोय.”

“फोनवरून?” ती म्हणाली, आणि मग जे म्हणायचं होतं ते सोडून भलतंच बोलली. “विचारायचं होतं. यंदा कोण हरलं?”

“आम्ही,” डेल्मर ताबडतोब म्हणाला. “मैदानात उतरलोच नाही, म्हणजे हरलोच. मी येतो वाढायला.”

“वा रे वा! पळून गेलो आम्ही. पळणारा हरतो. मी येणार.”

“मी एप्रन बांधून बसलोय, बाई.”

“मी पण बांधलाय.” हे खोटं होतं. तिने खुंटीवरचा नारिंगी एप्रन ओढून एका हाताने बांधायला घेतला. दुसऱ्या हाताला हॅटी होती, आणि गाठ काही केल्या बसेना.

“सामना नाही, निकाल नाही. मग वाद मिटवायचा कसा?” त्याने विचारलं. आवाज जरा लांबून, जरा थरथरत आला.

मार्लिसने हॅटीकडे पाहिलं. हॅटीने तिच्याकडे. घरात तिसरं कुणी नव्हतं. जन्मभराच्या सारसाने दार नीट लागलंय ना ते पाहिलं, हनुवटी वर केली, आणि फोनमध्ये खच्चून कोल्हेकुई दिली.

“ऊऽऽऽऽऽऽ!”

पलीकडे धाडकन काहीतरी पडलं. मागोमाग एक पातेलं, मग त्याचं झाकण, बराच वेळ घरंगळत.

“डेल्मर? अरे, काय झालं?”

“काही नाही,” जमिनीवरून आवाज आला. “एका पायावर उभा होतो. तोल गेला.”

हॅटी खिदळली. मार्लिस शेगडी बंद करून किल्ल्या शोधायला लागली.