न्हाणीची भिंत

"आपलं घर वावरमाच शे ना व? मंग हाई फार्महाऊस काय नवं?" यशोदाबाईंनी सुनेचा मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून विचारलं.

दिपमालाला हसू आवरेना. सासूबाईंचं खोटं नव्हतं. चोपड्याजवळ केळीच्या मळ्यात घर, दाराशी म्हैस, अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. याहून जास्त फार्महाऊस ते काय असणार? पण मोबाइलमधल्या फार्महाऊसची तऱ्हाच न्यारी. तिथल्या न्हाणीघराला कमरेपर्यंत उभ्या पांढऱ्या फळ्या, वर चुन्यासारखा खरबरीत पांढरा लेप, आणि चिखलाचा एक शिंतोडा नाही. त्या शेतात कधी कुणी काम केलं असेल अशी शंकासुद्धा येऊ नये.

न्हाणी मात्र हौसेपायी बांधली जात नव्हती. सासरे हिलाल आबा पावसाळ्यात पाण्याच्या मोटरीजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर आंघोळ करताना घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. आत सळई टाकावी लागली. पुन्हा पडले तर खाट सुटायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून आबांच्या खोलीला लागूनच न्हाणी काढली. भिंतींना काय लावायचं ते दिपमालाने बघावं, कारण ती मेहरूणची, जळगाव शहरातली, तिला यातलं कळतं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिलाही ते आवडलं, उगाच खोटं कशाला बोला.

जळगावच्या दुकानात तिचा नवरा भूषण प्रत्येक नमुन्याला "चांगलं आहे" म्हणत राहिला. त्याला दुकानाचं शटर दाखवलं असतं तरी तो "चांगलं आहे" म्हणाला असता. शेवटी तिनेच फळ्या आणि लेप पसंत केला. दुकानदाराने जाताना टाइलचे चार-पाच नमुन्याचे तुकडे हातात कोंबले, ते तिने घरी आणून कोपऱ्यात टाकले. रतिलाल मिस्त्रीने काम उरकलं. खाली पाय न घसरणारी फरशी, वर दुधासारखी भिंत. दिपमाला दिवसातून कितीदा तरी उगाचच आत डोकावून यायची.

आबांनी मात्र त्या न्हाणीत आंघोळ केली ती एकदाच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली आणि स्वारी मोटरीकडे.

या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. त्यात राग-लोभ काही नाही, रीत आहे. सून समोर ताट वाढत असली तरी आबा बायकोला म्हणायचे, "तिले सांग, भाकर पुरे." यशोदाबाई माहेरी गेल्या की पंचाईत व्हायची, मग आबा म्हशीजवळ उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "आज चहाले उशीर दिखस." म्हशीला चहाचं काय! पण दिपमाला आधण ठेवायची आणि गाडं सुरळीत चालायचं.

आता मात्र ते अडलं. यशोदाबाईंनी विचारलं, तर आबांनी एवढंच सांगितलं, "माले मोटरवरच बरं वाटस." ती न्हाणी नको का, काही खुपलं का, यावर तोंडातून अक्षर नाही. रोज संध्याकाळी ते त्या शेवाळाकडे निघाले की दिपमाला स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी राहायची. बादली ठेवल्याचा आवाज झाला तरी ती दाराशी धावायची. आपली निवड त्यांना आवडली नाही, म्हणून म्हातारा पुन्हा हाड मोडून घेणार, आणि आयुष्यभर ते आपल्या माथी, हे तिने मनात पक्कं केलं होतं. एका रात्री भूषणजवळ ती रडलीसुद्धा. भूषणने बराच विचार केला आणि म्हणाला, "भिंत तर चांगली आहे."

मग एका दुपारी ती आरसा कुठे टांगावा हे बघायला न्हाणीत शिरली. आजवर ती दारातूनच डोकावली होती. उघड्या दाराआडची भिंत तिने बघितलीच नव्हती. आरशासाठी दार लोटलं, आणि ती थबकली.

पांढऱ्या लेपावर तपकिरी पंजा. त्याच्या पुढे दुसरा. दारापासून नळापर्यंत, माणूस भिंत धरत धरत गेला असावा तसे ओळीने पंजे. मधल्या एका पंजाच्या जागी लेप घासून घासून पार निघाला होता, आतलं सिमेंट दिसत होतं. खाली लिंबाची पिळलेली फोड आणि भांडी घासायची तारेची घासणी.

केळीचा चीक! केळीच्या मळ्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा, हाताला लागलाय हे कळतही नाही. वाळला की तपकिरी, मग काळा, आणि मग कापड फाटेल पण डाग जाणार नाही. आबा पायाला सळई असतानाही बांधावर बसून केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं कापायचे, घरी बसायला सांगितलं तर ऐकतील ते आबा कसले. त्या संध्याकाळी ते तसेच आंघोळीला आले असतील, पाय लटपटतो म्हणून भिंत धरली असेल. तेव्हा भिंत पांढरीच. सकाळी बघतात तर हे!

आणि शेतकऱ्याच्या घरातल्या भिंतीला हात लागणारच, हे दिपमालाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिने निवड केली ती, जो हो म्हणाला तो, आणि ज्याने लेप मारला तो, तिघंही या मळ्यांतच वावरणारी!

ती उपड्या बादलीवर मटकन बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली. आबा रुसले नव्हते. सुनेची भिंत खराब केली म्हणून ते शरमले होते, तिच्या नकळत घासत बसले होते. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

संध्याकाळी आबा मळ्यातून आले, म्हशीला गवत टाकून तिथेच उभे राहिले. यशोदाबाई देवळात गेल्या होत्या. दिपमाला नमुन्याचे तुकडे घेऊन गोठ्याशी आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हशीला म्हणाली, "आबांना सांग, चीक लिंबाने जात नाही. त्याला रॉकेल लागतं."

आबा दचकले. बराच वेळ त्यांनी म्हशीची पाठ थोपटली. मग तेही म्हशीलाच म्हणाले, "तिनी इतली हौसतीन कयं, आनि मी पह्यलाच दिन डाग पाडी टाकात."

"त्यांना म्हणावं, डागाचं काय घेऊन बसलात! तुम्ही मोटरीवर जाता तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो." मग तिने तुकडे ओळीने कठड्यावर मांडले. "आणि हात धुवायच्या आधी या तुकड्यांना पुसायला सांग. बठ्ठ्यांना, एकूण एक तुकड्याला."

आबांनी एकेका तुकड्याला हात पुसला, अगदी मन लावून.

सकाळी सगळं घर कठड्याशी. खरबरीत तुकडे काळवंडले होते. ते घासून यशोदाबाई दमल्या. चकचकीत हिरव्या टाइलवरचा डाग मात्र ओल्या फडक्याने निघाला. "हाई!" यशोदाबाईंनी त्या टाइलवर बोट ठेवलं. भूषण काय म्हणाला ते सांगायला नको.

रतिलाल मिस्त्रीने खांद्याइतक्या उंचीपर्यंत हिरवी टाइल बसवली. काढलेल्या पांढऱ्या फळ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठोकल्या. म्हशीचं फार्महाऊस झालं एकदाचं.

त्या संध्याकाळी आबा मळ्यातून आले आणि काठी टेकत सरळ न्हाणीत गेले. ओसरीवर तिघंही न्हाणीकडे कान लावून बसली. दिपमाला गहू निवडायला घेऊन बसली होती, पण बोटं जागच्या जागी. आत नळ सुटला. तांब्या वाजला. मग सगळं थांबलं. ती ताट बाजूला ठेवून उठलीच.

"दिपमाला!" आतून हाक आली. या घरात आल्यापासून आबांच्या तोंडून तिने आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. "भीत धरीसन उभा शे मी. घोर नको करू, बेटा!"