अजून लोक जायचेत

"आई, एक पाय तरी बाहेर ठेवा हो! पडलात तर आधी तुम्हाला काढू की शेवाळ काढू?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत होते आणि सासूबाई ढिम्म. मागच्या अंगणातल्या तळ्यात, गुडघाभर पाण्यात, बाबांचे जुने गमबूट घालून उभ्या. बाबा म्हणजे माझे सासरे. बूट इतके मोठे, की सासूबाईंनी पाय उचलला तरी बूट चिखलातच बसून राहायचा. हातात दाताळं आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"तू तुझी भाजी चीर. यांच्या ह्या डबक्यानं जन्मभर छळलंय मला, आता तू नको छळू."

डबकं हा सासूबाईंचा शब्द. बाबा तळं म्हणायचे. बाबांनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. उंच इमारतींच्या पोटात, अंधारात, ग्रीस आणि तारा यांच्यात. निवृत्त झाले आणि लगेच कुदळ घेऊन अंगण खणायला लागले. "आता जरा आभाळ खाली आणतो," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "आभाळ नाही, डास आणाल." तळ्यात विकतचे मासे नकोत, कारंजं नको, दिवे नकोत, जे आपणहून येईल ते येऊ दे, हा बाबांचा हट्ट. आणि आलं की हो! बेडूक आले, चतुर आले, गोगलगायी आल्या, पाण्यावर चालणारे काटकुळ्या पायांचे किडे आले. त्यांना पत्ता कोणी दिला, देव जाणे.

दर वर्षी बाबा थोडं शेवाळ काढायचे आणि दर वर्षी आमच्या घरात त्यावरून महाभांडण व्हायचं. कारण काढलेला तो चिकट ओला ढीग ते तळ्याच्या काठावरच ठेवून द्यायचे. चांगले दोन-तीन दिवस! सासूबाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. मळकं म्हटलं की गाठोडं बांधायचं आणि हलवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. "उचला ती घाण!" असं त्या ओरडायच्या आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "राहू दे गं. अजून लोक जायचेत." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला कंटाळा आलाय आणि वर थट्टा सुचतेय.

मग बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. सगळ्या भाषेतून त्यांच्याकडे एकच शब्द उरला, "थांब." भूक लागली तरी थांब, उशी टोचली तरी थांब. आम्ही त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावली, म्हणजे तळं दिसेल. पण तळ्याला हात लावणारं कोणी राहिलं नव्हतं. शेवाळ आधी कडेला होतं, मग मधे सरकलं, आणि शेवटी पाण्याचा टिपूसही दिसेना. बाबा काही दिवस त्या हिरव्या रानाकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चमचा पुढे केला तर ओठ मिटून घेऊ लागले.

डॉक्टर बाहेर व्हरांड्यात आम्हाला म्हणाले, "औषध आपलं काम करतंय, पण माणसाला जगावंसं वाटायला हवं." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाई गमबुटात! ज्या बाईनं आजवर त्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं, ती बाई.

आणि काम काय केलं म्हणता! लांब तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून उपसलं, पाण्याखालचं गवत दाताळ्यानं ओढलं, आणि निघेल तसं पोत्यात कोंबून पोत्याचं तोंड आवळलं. काठावर काडीही पडू दिली नाही. दुपारपर्यंत अर्धं तळं मोकळं झालं. मी आत जाऊन बाबांना हळूच कुशीवर वळवलं. "बघा तरी बाबा, आईंनी काय केलंय!"

बाबांनी पाहिलं. मोकळ्या पाण्यात ढग उतरले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण सैल झाला, डोळे भरले, आणि मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांची नजर मागच्या फाटकाशी रांगेनं ठेवलेल्या पोत्यांवर गेली.

"थांब!" ते ओरडले. डाव्या हातानं खाटेचा दांडा धरून हलवायला लागले. "थांब! थांब!"

सासूबाई खिडकीशी आल्या. तोंडावर चिखलाचे शिंतोडे. "आता कशाला थांब? झालंच की! हे घ्या तुमचं आभाळ."

"थांब!"

बाबा रडत होते आणि तोच एक शब्द दांड्यावर आपटत होते. सासूबाईंचा चेहरा उतरला. "कंबर मोडेस्तोवर राबले," त्या मला म्हणाल्या, "तर मी यांच्या तळ्याला हात लावला म्हणून राग. जाऊ दे. कधी कौतुक केलंय या माणसानं?" त्या फाटकाकडे गेल्या. कचऱ्याची गाडी यायची वेळ झाली होती. पहिलं पोतं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अगं," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "इकडे ये. हे आतून हलतंय."

आम्ही पोत्याची गाठ सोडली. वरवर पाहिलं तर नुसता हिरवा लगदा. सासूबाईंनी त्यात हात घातला, एक झुपका उचलला, आणि त्या झुपक्यातून काहीतरी टपकन खाली पडलं. सहा पायांचं, मातकट, मोठ्या डोळ्यांचं. ते फरशीवर क्षणभर थांबलं आणि तळ्याच्या दिशेनं चालायला लागलं. त्याला कोणी सांगितलं तळं कुठे आहे ते? मागोमाग दुसरं पडलं. मग शेपटीवाली बेडकाची पिल्लं, नखाएवढ्या गोगलगायी, काचेसारखे आरपार किडे. एका मुठीत एवढी वस्ती, आणि अशी पोतीच्या पोती!

सासूबाई मटकन खाली बसल्या.

"अजून लोक जायचेत," त्या म्हणाल्या. "अगं, हेच ते लोक! इतकी वर्षं हा माणूस सांगत होता. काठावर ठेवायचं म्हणजे हे आपापले चालत घरी जातात. आणि मी गाठ मारली, बाई! गाठ मारून टाकली!"

मी त्यांचा खांदा धरला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. लाँड्रीतली एक गोष्ट त्यांनी आम्हाला शंभरदा तरी सांगितली होती. चादर धुण्याआधी झटकायची म्हणजे झटकायची. घडीत माणसाचं काही ना काही अडकलेलं असतं. कोणाचा चष्मा, कोणाची कवळी, कोणाची अंगठी. नव्या मुलींना हे शिकवता शिकवता त्यांचा घसा बसायचा. "जन्मभर झटकत आले," त्या पुटपुटल्या, "आणि घरचंच तेवढं न झटकता बांधलं."

मग उठल्या. "टब आण. मोठा. नळाचं पाणी नको, तळ्यातलंच भर."

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. सासूबाई तळ्याकाठी मांडी घालून बसल्या आणि शेवाळाचा एकेक झुपका टबात खळबळू लागल्या. हलक्या हातानं, पीळ न देता, तान्ह्या बाळाचे कपडे धुवावेत तसं. दर झुपक्याला पाण्यात जीव उतरायचे. पोहणारे, सरपटणारे, उड्या मारणारे, आणि काही इतके बारीक की नुसती पाण्याची हालचाल दिसावी. मी मान वाकवून पाहत राहिले. याच्या शेजारी आम्ही कपडे वाळत घालत होतो, वीजबिलावरून भांडत होतो, आणि इथे एक गाव नांदत होतं. सासूबाईंचा पट्टाही बंद पडला होता. मधूनच फक्त म्हणायच्या, "अगो बाई. अगो बाई, हे बघ."

सगळेच वाचले नाहीत. पोत्यांच्या तळाशी बरेच निपचित पडले होते. ते सासूबाईंनी वेगळे काढले.

कचऱ्याच्या गाडीनं भोंगा वाजवला. सासूबाईंनी मान न वळवता ओरडून सांगितलं, "आज नाही! जा पुढे!"

अंधार पडायच्या आत शेवटचं पोतं रिकामं झालं आणि टबातली वस्ती आम्ही हळूच तळ्यात सोडली. खळबळलेलं शेवाळ सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी काठावर पसरून ठेवलं, त्यांच्या चकचकीत अंगणात. उरलेल्या अर्ध्या तळ्याकडे त्यांनी दाताळं रोखलं, तसा खिडकीतून आवाज आला, "थांब." या वेळी अगदी हळू.

"थांबले हो," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना राहायला घर नको का? कळलंय मला. उशिरा कळलं, पण कळलं."

त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

काही दिवसांनी पहाटे सासूबाईंनी मला हाताला धरून उठवलं. बाबा उशांना टेकून बसले होते. खिडकीसमोरच्या लव्हाळ्यावर तसलाच एक मातकट किडा चढून बसला होता. त्याची पाठ उकलली. आतून ओलं, फिकट, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, उलटं लटकलं, सावकाश सरळ झालं. चुरगळलेले पंख उलगडत गेले. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो. ऊन आलं तेव्हा तिथे एक चतुर होता, काचेच्या पंखांचा. तो थरथरला आणि उडाला. सासूबाईंनी बाबांचा लुळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. बाबांनी पहिल्यांदाच कुणाला थांब म्हटलं नाही.

बाबा आणखी वर्षभर होते. रोज खिडकीशी, रोज पाण्याकडे तोंड करून. आता खाट आवरली आहे, खोली मोकळी आहे. चतुराची ती रिकामी कात, सासूबाईंनी लव्हाळ्यावरून अलगद काढून आणलेली, मात्र अजून खिडकीच्या कट्ट्यावर आहे. सासूबाई रोज सकाळी ओलं फडकं घेऊन खोली पुसतात, कानाकोपऱ्यासकट. कट्टाही पुसतात. कातीजवळ आल्या की फडकं बाजूला ठेवतात, वाकतात, आणि तिच्याभोवतीची धूळ तोंडानं हळूच फुंकतात.